एवढी वर्षं पुण्यात काय केलंस?

लग्नात भेटा, तेराव्याला भेटा, कळंबच्या एसटी स्टँडवर भेटा, तुमचा प्रश्न तोच: "एवढी वर्षं पुण्यात काढलीस, पश्चात्ताप नाही का होत?" आजवर मी विषय बदलत आलो. आज नीट सांगतो.

एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेची पूर्व, मुख्य, मुलाखत ही उतरंड तुम्हाला ठाऊक आहे. मी मुख्यच्या पुढे कधी गेलो नाही, हेही ठाऊक आहे. पण "नुसता बसून होता" हे जे तुम्ही माझ्या माघारी म्हणता, ते खोटं आहे. सकाळी सातला अभ्यासिकेत जागा धरणारा माणूस बसून नसतो.

२०१६ मध्ये खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३३ वरून ३८ झाली, तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो. आम्ही पेढे वाटले. त्या बत्तीस वर्षांच्या पोराशी मी अजून भांडतो. ते दार तेव्हाच बंद झालं असतं तर चौतिसाव्या वर्षी कुठंतरी चिकटला असतास, म्हणतो. तो म्हणतो, आणि जन्मभर 'अजून एक संधी मिळायला हवी होती' म्हणत बसला असतास. त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही, ते.

११ मार्च २०२१. महाशिवरात्र होती, माझा उपास होता. राज्यसेवेची पूर्व परीक्षा मुळात ५ एप्रिल २०२० ला होती. कोरोनामुळे ती ऑक्टोबरवर गेली, मग १४ मार्चवर. तीन दिवस उरले असताना ती पुन्हा पुढे गेल्याची बातमी आली. अभ्यासिका क्षणात रिकामी झाली. नवी पेठेत, शास्त्री रोडवर पोरं रस्त्यावर उतरली, मीही उतरलो. घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. शेजारच्या पोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. घरी सांगून आली होती म्हणे, एवढी परीक्षा होऊ द्या, मग स्थळं बघा. आणि मला, तिच्या शेजारी उभं राहून, आतून हलकं वाटत होतं. परीक्षा नाही, म्हणजे निकाल नाही. निकाल नाही, म्हणजे मी अजून 'तयारी करणारा' आहे. घोषणा खोट्या नव्हत्या, चीड खरी होती. पण ते हलकेपणही खरं होतं.

संध्याकाळी मुख्यमंत्र्यांनी आठ दिवसांत परीक्षा घेऊ असं जाहीर केलं. माझ्या रूमवरचा तेवीस वर्षांचा पोरगा गळ्यात पडला, "दादा, झालं!" माझ्या पोटात गोळा आला. मला परीक्षा नकोच होती, हे तेव्हा कळलं. २१ मार्चला पेपर दिला. पूर्व निघाली नाही. पुढच्या वर्षी मी एज बार झालो, परीक्षेला बसायचं वय संपलं.

म्हणजे आधीच थांबायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. थांबून कुठं जायचं होतं, ते सांगा. सदतिसाव्या वर्षी, एकाही नोकरीचा अनुभव नसताना? तिथं निदान माझ्यासारखे शेकडो होते. गावाकडं मी एकटाच मागं पडलेला.

आज पतसंस्थेत क्लार्क आहे. मॅनेजर माझ्याहून लहान. तो मला 'सर' म्हणतो, ते मला लागतं. माझ्या वर्गातल्यांची मुलं दहावीला आहेत. चाळिशीत स्थळाचं विचारणारेही आता थांबले, याचं बरं वाटतं आणि वाईटही.

पश्चात्ताप? सोयाबीन विकून वडील दर महिन्याला पाठवायचे, त्या पैशांचा होतो. वर्षांचा रोज होत नाही. राज्यघटना, अर्थशास्त्र, या राज्याचा कारभार कसा चालतो ते मी जीव लावून वाचलं. संस्थेत कुणाचा दाखला, कुणाचा फेरफार अडला की माणसं माझ्याकडं येतात, तेव्हा ती वर्षं वाया गेली असं मला म्हणवत नाही. घरी आलो की म्हणवतं.

भाचा यंदा पुण्याला गेला. अभ्यासिकेची फी मीच भरतो. बहीण चिडून विचारते, "तुझं झालं ते पुरे नाही का?" तिलाही मी अजून उत्तर दिलेलं नाही. फी मात्र या महिन्याचीही पाठवली.