खरगोनच्या विद्यापीठाचे मोजमाप कसे करणार?

मार्च 2024 मध्ये मध्य प्रदेशात खरगोनला क्रांतिसूर्य टंट्या भील विद्यापीठ सुरू झाले आणि खरगोन, खंडवा, बुऱ्हाणपूर, बडवानी व अलिराजपूर या जिल्ह्यांतली महाविद्यालये आमच्या इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाच्या कक्षेतून तिकडे गेली. इथल्या मराठी मंडळींत हा विषय निघाला की अहिल्या विद्यापीठाचे उत्पन्न घटणार, मग क्रमवारीत काय होणार, यावरच बोलणे होते. मला काळजी वाटते ती खरगोनची.

इंदूर स्वतः या वाटेने गेलेले आहे. 1891 मध्ये निघालेले होळकर महाविद्यालय 1957 पूर्वी काही काळ आग्रा विद्यापीठाशी आणि 1957 नंतर उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाशी जोडलेले होते; 1964 मध्ये इंदूर विद्यापीठ (आजचे देवी अहिल्या विद्यापीठ) स्थापन झाले तेव्हा कुठे परीक्षांचा कारभार गावात आला. मात्र आज जो लौकिक आहे तो परीक्षा घेतल्याने मिळालेला नाही. खंडवा रस्त्यावरच्या तक्षशिला परिसरात विद्यापीठाने स्वतःचे अध्यापन विभाग वर्षानुवर्षे वाढवले, त्याचे ते फळ आहे. विभाजनात महाविद्यालये वाटली गेली, हे विभाग अर्थातच इंदुरातच राहिले.

आता एनआयआरएफचे, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्रमवारीचे, गणित पाहा. शंभरपैकी 30 गुण अध्यापन व साधनांना, 30 संशोधनाला, 20 पदवीधरांच्या वाटचालीला, 10 सर्वसमावेशकतेला आणि 10 लौकिकाला. राज्य विद्यापीठांची वेगळी यादी 2024 पासून निघू लागली हे बरेच झाले, पण बडवानीच्या पाड्यावरून आलेली, घराण्यात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणारी मुलगी शिक्षण अर्धवट न सोडता पदवीधर झाली, तर या हिशेबात तिचे मोल फार थोडे भरते. खरगोनचे पहिले काम तर तेच आहे.

कॅलिफोर्नियाने 1960 मध्ये केलेली उच्च शिक्षणाची आखणी मला म्हणूनच पुन्हा पुन्हा आठवते. संशोधन विद्यापीठाने गुणवत्तेत वरच्या साडेबारा टक्के विद्यार्थ्यांना घ्यावे, राज्य महाविद्यालयांनी वरच्या एकतृतीयांशांना, आणि सामुदायिक महाविद्यालयांनी दार सर्वांना उघडे ठेवावे, अशी कामे तिथे वाटून दिली. ही उतरंडच आहे, आणि तिच्यावर टीकाही झाली. तरी खालून वर जाण्याची वाट त्यातच आखलेली होती: विद्यापीठात शेवटच्या दोन व पहिल्या दोन वर्षांच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण 60:40 ठेवायचे, म्हणजे सामुदायिक महाविद्यालयातून दोन वर्षे करून येणाऱ्यांना तिसऱ्या वर्षी जागा उरते.

आपल्याकडे जुलै 2024 मध्ये इंदुरातच 55 जिल्ह्यांच्या 55 पीएम एक्सलन्स महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. नाव सगळ्यांना एकच मिळाले, परंतु इंदूरच्या महाविद्यालयाने आणि अलिराजपूरच्या महाविद्यालयाने एकसारखेच काम करावे, असे कोणाला खरोखर वाटते का? निमाडात, म्हणजे खरगोन-खंडव्याच्या या पट्ट्यात, कापूस आहे, बेडियाचा मिरची बाजार आहे, बुऱ्हाणपुरात केळी आणि यंत्रमाग आहेत, भिली बोलणारी मुले आहेत. खरगोनचे विभाग यांतून निघावेत, त्यांचे मूल्यमापन त्याच कामावर व्हावे, आणि तक्षशिलेतल्या पदव्युत्तर वर्गांत निमाडच्या पदवीधरांसाठी ठरावीक जागा शासनाने आतापासूनच राखून ठेवाव्यात.