मानधनाचे पत्र आणि लिहिण्याचे तास

परदेशी शिक्षणाच्या सल्लागाराचे माझे काम मुख्यतः संगणकशास्त्र आणि व्यवस्थापन यांच्या अर्जांवर चालते. तेथे विद्यापीठांची क्रमवारी आणि नोकरीची शक्यता दाखवली की पालकांचे समाधान होते. सर्जनशील लेखनाच्या अर्जाला ही पद्धत लागू पडत नाही, कारण निवड होते ती बहुतांशी सोबत पाठवलेल्या कथांवरून. म्हणूनच यंदा एका मुलीच्या हाती एकाच वेळी दोन प्रवेशपत्रे आली, तेव्हा माझ्या नेहमीच्या कोष्टकाचा काही उपयोग झाला नाही.

पहिले पत्र ब्रिटनमधील एका वर्षाच्या एम.ए.चे होते. १९७० मध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने असा अभ्यासक्रम सुरू केल्यापासून तेथे या विषयाला प्रतिष्ठा आहे, आणि आता अनेक विद्यापीठे तो चालवतात. शिष्यवृत्ती नव्हती, शुल्क भरायचे तर कर्ज काढणे भाग होते. सरकारी बँकेत साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला साधारणपणे तारण लागते, आणि तेथील अधिकाऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला तो प्लेसमेंटचा. दुसरे पत्र अमेरिकेतील एका लहान गावातल्या विद्यापीठाचे, तीन वर्षांच्या एम.एफ.ए.चे, म्हणजे लेखनासारख्या कलांमधल्या पदव्युत्तर पदवीचे होते. शुल्क माफ, वर मानधन. मोबदल्यात पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंधलेखन शिकवायचे.

मुलीच्या वडिलांनी चहा संपायच्या आतच कौल दिला. “सर, एका वर्षात संपेल तेच बरे. कथा लिहायला शिकायला तीन वर्षे कशाला लागतात?”

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ब्रिटिश विद्यापीठांकडून एजंटांना शुल्काच्या प्रमाणात कमिशन मिळते. मानधनासह मिळालेल्या अमेरिकी प्रवेशातून आमच्या कार्यालयाला काहीच मिळत नाही. आमच्या व्यवसायातील कितीतरी जण असे पर्याय विद्यार्थ्यांसमोर ठेवतच नाहीत, आणि त्यालाच ‘मार्गदर्शन’ म्हणतात.

मी अमेरिकी पत्र ओळीओळीने वाचायला घेतले. फुकट म्हणून मिरवणाऱ्या पत्रातली खरी किंमत बारीक टायपात असते. मानधन नऊ महिन्यांचे होते, म्हणजे उन्हाळ्यात घरभाडे खिशातून जाणार. शिक्षणशुल्क माफ असले तरी विद्यार्थी-सुविधांची फी माफ नव्हती. शिकवण्याचे काम आठवड्याला वीस तासांचे धरले होते, आणि विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आवारात तेवढेच तास काम करता येत असल्याने दुसरी नोकरी धरून तूट भरून काढण्याची सोय नव्हती. शिवाय वीस तास हे कागदावरचे. निबंधांचे गठ्ठे तपासणारी माणसे काय सांगतात ते मी ऐकून आहे.

मी तिला म्हटले, “तू प्राध्यापकांना नको, सध्या शिकणाऱ्या मुलांना विचार. आठवड्यात स्वतःचे किती लिहून होते, एवढेच विचार.” तिने दोन्हीकडे मेल पाठवली. ब्रिटनहून उत्तर आले की लेखनाला वेळ भरपूर मिळतो, पण सुरुवातीची ओळख होते न होते तोच प्रबंधाची तयारी सुरू होते. अमेरिकेतल्या मुलीने लिहिले की सत्र संपत आले की लेखन थांबते. मात्र तिसऱ्या वर्षापर्यंत वर्गातल्या लोकांना तुमच्या जुन्या कथा आठवत असतात, आणि नव्या मसुद्यावर ते त्या आधारे बोलतात. आपल्या कथेवर चर्चा चालू असताना लेखकाने गप्प बसायचे, ही तिथल्या कार्यशाळांची जुनी रीत आहे. त्या गप्प बसण्याचा उपयोग कोणत्या वाचकांपुढे होतो, हे मला त्या मेलमुळे कळले.

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार मानधनाच्या प्रस्तावाला १५ एप्रिलपर्यंत उत्तर देता येते. ब्रिटनची अनामत रक्कम त्याच्या आधी भरायची होती आणि ती परत मिळण्याची खात्री नव्हती. वडिलांनी धनादेश लिहून ठेवला होता. मुलीने तो भरू दिला नाही. त्या दिवशी घरात काय झाले ते मी विचारले नाही.

शेवटी तिने अमेरिकेला होकार कळवला. त्याआधी तिने विभागाला विचारले होते की दुसऱ्या वर्षी निबंधाऐवजी कथालेखनाचा वर्ग शिकवायला मिळेल का. शक्यता आहे, खात्री देता येत नाही, असे उत्तर आले. अमेरिका निवडण्याचा माझ्याकडून तिला मिळालेला सल्ला पैशाच्या बाजूने बरोबर होता याबद्दल मला शंका नाही. निबंध तपासून उरलेल्या तासांत ती किती लिहील, हे मात्र तिची पहिली दोन सत्रे झाल्याशिवाय मला सांगता येणार नाही.