सात तारखेचा पगार आणि रविवारच्या व्हिजिटा

आमच्या गाळ्यावर ‘इस्टेट एजंट’ अशी पाटी लागली २०२२ मध्ये. धंदा मात्र २०१६ पासूनच सुरू होता, माझी नोकरी सांभाळून. कळव्याच्या खारीगावात बऱ्याच जणांना वाटतं की बाईंची नोकरी गेली म्हणून त्यांनी दुकान टाकलं. तसं काही नाही. हे सगळं नोकरीच्याच जिवावर उभं राहिलं. आजही आमच्याकडे काम करणाऱ्यांपैकी बहुतेक जण दुसरीकडे कुठेतरी पगारावर आहेत, आणि ते आम्ही मुद्दाम तसं ठेवलंय.

ऐरोलीतल्या एका कंपनीत मी पेरोलचं काम बघायचे. कळव्याहून ठाणे, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल, असा रोजचा रस्ता. नाशिक, अमरावती, नांदेडकडची नवी पोरं-पोरी जॉइन व्हायची. पहिला आठवडा कुणाच्या तरी मावशीकडे काढायची आणि दुसऱ्या आठवड्यात माझ्या टेबलाशी यायची. “मॅडम, तुम्ही इकडच्याच ना? एखादी रूम बघा की.” आमच्या बिल्डिंगमधल्या काकांचा वन-आरके रिकामा होता, तो दिला. पहिली दलाली मी मागितलीच नव्हती. काकांनी पाकीट हातात ठेवलं आणि म्हणाले, “बाहेरचा एजंट एक महिन्याचं भाडं घेतो. तू अर्धं तरी घे, म्हणजे पुढच्या वेळी हक्काने सांगता येईल.”

पुढच्या वेळा येतच राहिल्या. मग ऑफर लेटर काढून वाचलं. बहुतेक खाजगी कंपन्यांच्या पत्रात असतं तसं त्यातही होतं: लेखी परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय करू नये. एचआरला मेल टाकून परवानगी मागितली. कामाच्या वेळेत करायचं नाही आणि कंपनीचा लॅपटॉप वापरायचा नाही, या अटींवर ती मिळाली. जोडधंदा म्हणून दलालीत येणाऱ्यांना मी आधी हेच विचारते, पत्र वाचलंय का? सरकारी नोकरीत असाल तर हा विषयच सोडा.

आता वेळेचं बघू. नोकरी करून हे कसं जमतं, असं लोक विचारतात. पण ज्याला घर भाड्याने हवंय किंवा विकत घ्यायचंय, तोही नोकरीलाच असतो! मंगळवारी दुपारी बारा वाजता फ्लॅट बघायला कोण येणार? पार्टी येते संध्याकाळी सातनंतर, नाहीतर रविवारी. ओनरही तेव्हाच घरी असतो. त्यामुळे दाखवण्याचं काम नोकरदाराला अगदी सोयीचं. ऐरोली सेक्टर आठमधल्या दोन चाव्या आणि खारीगावातली एक, असं पर्समध्ये टाकून मी सकाळी निघायचे आणि उतरता उतरता व्हिजिटा करून घरी यायचे.

अडतं ते कागदापाशी. सह दुय्यम निबंधकाचं कार्यालय, सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ), बँक, सोसायटीचा सेक्रेटरी, ही सगळी माणसं भेटतात दिवसाउजेडी, आठवड्यातल्या वारी. इथे माझे सासरे उभे राहिले. ते एका सहकारी बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झालेले, दुसऱ्यांच्या फायली वाचण्यातच आयुष्य गेलेलं. घरी बसून टीव्हीवरच्या चर्चांना उत्तरं देण्यापेक्षा त्यांना हे काम कितीतरी बरं वाटलं. बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला: “साखळी दाखवा.” म्हणजे बिल्डरकडून पहिल्याने घेतलं त्या करारापासून आजच्या मालकापर्यंतचे सगळे नोंदणीकृत करारनामे, प्रत्येकाचा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. मधला एक करार हरवलेला असला तरी बाबा ओनरला गोड बोलून परत पाठवायचे. “प्रमाणित प्रत काढून आणा, मग बोलू.”

कळव्यात आणि ऐरोलीत कागद वेगळे असतात, हे मी बाबांकडूनच शिकले. कळव्यात, खारीगावात प्रश्न असतो इमारत अधिकृत आहे का, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, सोसायटीच्या नावावर जमीन झाली का. ऐरोलीत शिरलं की जमीन सिडकोची, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. विकताना सिडकोची ना-हरकत आणि हस्तांतरण शुल्क येतं. ते कोण भरणार हे टोकन घेतानाच लिहून ठेवलं नाही, तर व्यवहार शेवटच्या आठवड्यात फिसकटतो. रो-हाऊस असेल तर वर चढवलेला मजला नकाशात आहे का, हेही बघावं लागतं. नकाशात नसलेल्या खोलीचे पैसे ओनर पूर्ण मागतो, आणि बँक ती खोली मोजतच नाही.

भाडेकराराचं कामही बाबांनीच अंगावर घेतलं. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची, असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं. तरी “नोटरी करून टाका ना, खर्च वाचेल” म्हणणारे मालक आजही येतात. खर्च म्हणजे किती? महिना २५,००० भाडं, एक लाख डिपॉझिट, अकरा महिने असं धरा. एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. म्हणजे सातशे-आठशे रुपयांच्या घरात. शहरात नोंदणी शुल्क हजार रुपये. तेवढ्यासाठी लोक लाखाचं डिपॉझिट नुसत्या नोटरीच्या कागदावर देतात-घेतात.

ऑनलाइन नोंदणीत अंगठ्याचं यंत्र लागतं. आम्ही ते घेऊन घरोघर जातो. पारसिकनगरातल्या एका आजोबांचा अंगठा यंत्र घेईचना. सगळी हयात वागळे इस्टेटमध्ये लेथवर गेलेली, बोटांवरच्या रेघा झिजून गुळगुळीत. बाबांनी आधी अंगठा ओल्या फडक्याने पुसला, मग कोरडा केला, मग तर्जनी लावली, मग डाव्या हाताची. भाडेकरू मुलगा खुर्चीच्या कडेला बसून घड्याळ बघत होता. आजींनी आतून खोबरेल तेल आणलं. बाबा म्हणाले, “तेल नको वहिनी, मशीन आणखी बिघडेल.” शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटाला हिरवा दिवा लागला. आजोबा म्हणाले, “आयुष्यभर उजव्या हाताने काम केलं आणि सही डाव्याची.” तेव्हापासून ज्येष्ठ मालक असले की आम्ही अर्धा तास जास्तीचा धरूनच जातो.

२०१७ मध्ये रेरा, म्हणजे घरबांधणी-विक्रीवर नियमन आणणारा कायदा, पूर्ण लागू झाला. भाड्याच्या आणि जुन्या घरांच्या कामाला त्याची नोंदणी लागत नाही, पण नोंदणीकृत नव्या प्रकल्पातलं घर विकायचं तर एजंटची स्वतःची नोंदणी हवीच. ती नसताना काम केलं तर दिवसाला दहा हजार दंड, प्रकल्पातल्या त्या घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. २०१८ मध्ये मी महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, व्यक्ती म्हणून नोंदणी केली. व्यक्तीला शुल्क दहा हजार, फर्म किंवा कंपनीला एक लाख. मोठं नाव लावायची हौस तिथेच फिटली. नोंदणी पाच वर्षांची. नूतनीकरणाची वेळ आली तोवर महारेराने एजंटांना वीस तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केलेली. पहिली परीक्षा झाली मे २०२३ मध्ये. माझ्या वयाच्या बायका-पुरुष हॉल तिकीट हातात धरून केंद्राबाहेर “कार्पेटमध्ये बाल्कनी धरतात का हो?” असं एकमेकांना विचारत उभे होते. (नाही धरत.) कुरकुर खूप झाली, पण मला ती परीक्षा आवडली. कालपर्यंत पानाच्या टपरीवरून फ्लॅट विकणाऱ्यालाही त्या निमित्ताने कायदा एकदा वाचावा लागला.

आता मूळ मुद्दा, पगाराचा.

दलालीत पैसा येतो, पण कधी येईल ते सांगता येत नाही. नव्या प्रकल्पात तर पार्टीने बुकिंग केलं, करारनामा नोंदवला, बँकेचा हप्ता बिल्डरकडे पोचला, की मग कुठे आपलं बिल लागतं. घोडबंदर रोडच्या एका प्रकल्पातले आमचे पैसे इतके लांबले की त्या घरातलं बाळ रांगायला लागलं, तरी आमचं बिल ‘प्रोसेस’मध्येच. जुन्या घरांत वेगळीच तऱ्हा. तुम्ही चार रविवार फिरवता आणि मालक नि पार्टी गच्चीवर भेटून डायरेक्ट होतात. मग फोन उचलत नाहीत. ज्याचं घर फक्त दलालीवर चालतं, त्याच्या डोक्यावर तेव्हा टांगती तलवार असते. शाळेची फी भरायची असली की कुठलंही घर चांगलं दिसायला लागतं. मग तो पार्टीला म्हणतो, “घेऊन टाका, दुसरा बघून गेलाय.”

माझा पगार सात तारखेला जमा व्हायचा. त्यामुळे “हे घेऊ नका” असं मला म्हणता यायचं. ऑफिसातल्याच एका मुलाने कळव्यातल्या एका इमारतीत वन-बीएचके पसंत केला होता. भाव आजूबाजूपेक्षा निम्म्याने कमी. इमारत अनधिकृत, कागद म्हणाल तर बिल्डरचं वाटपपत्र आणि वीजबिल. बँक कर्ज देणार नव्हती, तो गावची जमीन विकून रोख आणणार होता. मी स्पष्ट नाही म्हटलं. त्याने दुसऱ्या एजंटकडून घेतला. अजून राहतोय, इमारतही उभी आहे. भेटला की हसतो, “काही झालं नाही ना मॅडम?” आता बदली झाल्यामुळे तोच फ्लॅट विकायला काढलाय आणि माझ्याकडे घेऊन आलाय. घेणाऱ्यालाही कर्ज मिळत नाही, मग रोखीचा माणूस शोधायचा. मी पुन्हा नाही म्हटलं.

टाळेबंदीत घरून काम सुरू झालं आणि ऐरोलीच्या खोल्या पटापट रिकाम्या झाल्या. पोरं गावी गेली, भाड्याचं काम बंद. पण सरकारने सप्टेंबर २०२० पासून मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सवलत दिली आणि जुन्या घरांची रांग लागली. डिसेंबर संपायच्या आत शुल्क भरायचं म्हणून बाबा तोंडाला दोन-दोन मास्क लावून फायली जुळवत होते. पुढे मार्चपर्यंत सवलत दोन टक्के राहिली. त्या सात महिन्यांत जे काम आलं, ते नोकरी करून पेलवण्यापलीकडचं होतं. ऑफिसला परत बोलावलं तेव्हा मी राजीनामा दिला आणि गाळा घेतला.

गाळा घेतल्यावर पहिल्याच पितृपक्षात कळलं, पगार नसणं काय असतं. पंधरा दिवस कोणी टोकन देत नाही. भाडं, वीज आणि घरांच्या जाहिरातींच्या पोर्टलचे पैसे मात्र जातातच. आणि “घेऊ नका” हे शब्द तोंडातून निघायला वेळ लागायला लागला. घरी जेवताना यांनी ते बरोबर पकडलं. “तू आजकाल पार्टीला ‘बघा, विचार करा’ म्हणतेस. आधी सरळ नाही म्हणायचीस.”

म्हणून माणसं घेताना आम्ही नोकरदारच घेतले. एक जण पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, एक ताई शाळेच्या ऑफिसात, एक भाऊ रबाळ्याच्या कारखान्यात शिफ्टला. दिवसाचे कागद मी आणि बाबा बघतो, संध्याकाळ-रविवारची घरं ते दाखवतात. मिळालेली दलाली निम्मी-निम्मी. पार्टीला नको म्हणून सांगितलं आणि व्यवहार मोडला, तर त्याबद्दल कोणी कोणाला विचारायचं नाही. नव्या प्रकल्पावर महारेराचं प्रमाणपत्र असलेल्यालाच पाठवतो. लॅबवाला अजून परीक्षेला बसायचाय, सारखी तारीख पुढे ढकलतो. भाऊ पहिल्या झटक्यात पास.

आमची हद्दही या लोकांच्या घड्याळावर ठरलीय. सातला सुटून साडेसातला पोचता येईल तेवढीच: कळवा, खारीगाव, ऐरोली, फार तर घणसोली. दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, म्हणून दिघाही धरलं. कळवा-ऐरोली उन्नत रेल्वेमार्गाच्या भरवशावर कोणी भाव वाढवून सांगितला की बाबा विचारतात, “गाडी कितीची आहे?” ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झाल्यापासून उलव्याचे प्लॉट विचारणारे फोन रोज येतात. उलव्याला जाऊन-येऊन आमचा अख्खा रविवार संपतो, आणि तिथल्या साडेबारा टक्क्यांच्या (जमीन गेलेल्या शेतकऱ्यांना सिडकोने परत दिलेल्या) भूखंडांच्या फायली बाबांनी कधी हाताळलेल्या नाहीत. त्या पार्ट्या आम्ही बेलापूरच्या एका ओळखीच्या एजंटताईंकडे पाठवतो. त्यांच्याकडची ऐरोलीची गिऱ्हाइकं त्या आमच्याकडे पाठवतात. हिशेब साईड-बाय-साईड, ज्याची पार्टी त्याची दलाली.