आबाजी, या गाडीले ड्रायव्हर नाही

दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरहून दहा दिवस गावी आलोय, दारव्हा तालुक्यात. वावरात सीतादही (कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा) होऊन गेली, वेचणीला बाया मिळत नाहीत आणि या आठवड्यात लाईन, म्हणजे मोटरीची वीज, रात्रीची आहे. त्यामुळे जेवणं झाली की सगळे ओट्यावर येऊन बसतात, मोटर सुरू व्हायची वाट पाहत. सिंगापूरच्या गोष्टी ऐकायला इतकी फुरसत असलेली माणसं मला सिंगापुरात मिळत नाहीत.

पगार, भाडं, "तिकडे भाकर भेटते का" हे उरकलं की शेजारच्या आबाजींचा एकच विषय, रेल्वे. ते शकुंतला रेल्वेवर गँगमन होते. यवतमाळ ते मूर्तिजापूर, अडीच फुटी रूळ, 113 किलोमीटर. 1994 पर्यंत वाफेचं इंजिन, मग डिझेल, आणि आता बऱ्याच वर्षांपासून काहीच नाही. रुळांत तरोटा उगवतो.

मी सांगितलं, की मी राहतो त्या हौगांगहून रोज नॉर्थ ईस्ट लाईनने जातो. पूर्ण भुयारी, 20 जून 2003 ला सुरू झालेली, आणि गाडीला ड्रायव्हरची केबिनच नाही. पुढच्या डब्याच्या टोकाला सरळ काच आहे. तिथे नाक लावून उभं राहिलं की अंधारातून रूळ अंगावर येतात. माझा पोरगा ती जागा कोणाला देत नाही. (कधीकधी मीही नाही.)

आबाजी गप्प. मग म्हणाले, "फाटक कोन लावते?"

हा प्रश्न मला सिंगापुरात कोणी विचारला नव्हता. शकुंतलेवर माणसं इतकी कमी, की फाटकापाशी गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की पुन्हा थांबायची आणि तो मागे येऊन फाटक उघडायचा. तिकिटंही तेच फाडायचे, इंजिनही तेच सोडवायचे. एकाच माणसाच्या हातात पूर्ण रेल्वे.

"फाटकच नाही आबाजी, खाली भुयार आहे. न ढोर उतरत, न माणूस."

आणि बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं, की सगळी मेख इथेच आहे. फलाटाच्या कडेला जमिनीपासून वरपर्यंत काचेची भिंत असते. गाडी येऊन दारासमोर दार बरोबर लागलं, तरच दोन्ही दारं एकदम उघडतात. रुळावर कोणी येऊच शकत नाही, म्हणून पुढे पाहणारा माणूस काढता आला. बाकी काम कॉम्प्युटरचं. कोणती गाडी कुठे आहे, पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं, कधी ब्रेक लावायचा. पहाटे डेपोतल्या गाड्या जाग्या होतात त्याही कोणी चावी न फिरवता. ब्रेक, दारं, दिवे तपासून निघतात. सहा डब्यांची गाडी, गर्दीच्या वेळी दोन-तीन मिनिटांनी एक.

"इंजिन डिझेलचं?"

"विजेचं. डोक्यावर तार, 1500 व्होल्ट." तिथल्या बाकी लाईनींना वीज रुळाशेजारच्या तिसऱ्या पट्टीतून मिळते, तार फक्त हिलाच. पण हे आबाजींना नको होतं. त्यांना हवं होतं, "अन लाईन गेली त?"

आमच्याकडे हा प्रश्न कोणीही विचारेल. बॅटरीवर दिवे राहतात, गाडीच्या टोकाचं दार उघडून उतार सोडता येतो आणि कर्मचारी लोकांना भुयारातून चालवत पुढच्या स्टेशनावर नेतात, असं मी सांगितलं.

"म्हंजे मानूस लागतेच."

लागतोच. फक्त तो इंजिनात न बसता कंट्रोल रूममध्ये बसतो, आणि काही जण गाड्यांतून फिरत असतात. आबाजींनी थोडा विचार केला. "हे विहिरीवरच्या ऑटोवानी झालं. लाईन आली का मोटर आपोआप चालू. मानूस घरी झोपून."

दिल्लीत मॅजेंटा लाईनवर 28 डिसेंबर 2020 ला बिनड्रायव्हरची मेट्रो सुरू झाली तेव्हा टीव्हीवर तासभर चर्चा ऐकली होती. ऑटोस्विच कोणाला आठवला नव्हता.

मग मी त्यांना बुआंगकॉकची गोष्ट सांगितली, ही मला फार आवडते. माझ्या पुढचं स्टेशन. 2003 मध्ये बांधून तयार, पण आसपास वस्ती पुरेशी नाही म्हणून उघडलंच नाही. गाडी रोज त्यातूनच जायची, न थांबता. लोक चिडले. 2005 च्या ऑगस्टमध्ये एक मंत्री त्या भागात येणार होते, तर कोणीतरी रस्त्याकडेला पुठ्ठ्याचे आठ पांढरे हत्ती उभे केले. तिकडेही खर्चिक, निरुपयोगी वस्तूला पांढरा हत्तीच म्हणतात. पोलीस चौकशी झाली. सिंगापुरात असलं काही करणं म्हणजे हिंमतच! पण 15 जानेवारी 2006 ला स्टेशन उघडलं. त्याच लाईनीवरच्या वुडलीला मात्र 2011 उजाडलं.

आबाजी हसले. त्यांना हत्तींपेक्षा दुसरंच लागलं होतं. "तथी गाडी हाये अन थांबत नाई. अथी ठेसन हाये अन गाडीच नाई." दारव्हा मोतीबाग स्टेशनच्या दिशेने त्यांनी हात केला. अंधारात तिकडे काही दिसत नव्हतं. "आठ हत्ती लागले म्हंतो? मोतीबागेवर किती लागतीन बापा?"

मी काही बोलणार तेवढ्यात गल्लीतले दिवे एकदम उजळले. थ्री फेज आली. लांब वावरातून मोटरीचा घरघराट ऐकू आला, आपोआप. आबाजींनी चप्पल शोधली, बॅटरी घेतली आणि विहिरीकडे निघाले.

"ऑटो हाये न तुमच्याकडे," मी म्हणालो.

"हाये न. पाहून येतो."