सुट्टीत खेळणारे आंडेरसन सर

रविवार, रात्री साडेदहा

दिवाळीची सुट्टी आज संपली. जेवणं आटोपल्यावर बुद्धिबळाचा पट मांडला आणि एकोणिसाव्या शतकातला जर्मन बुद्धिबळपटू अडोल्फ आंडेरसन याचा तो गाजलेला 'अमर डाव' पुन्हा एकदा लावून बघितला. २१ जून १८५१, लंडन, समोर किझेरित्स्की. लंडनच्या स्पर्धेच्या दिवसांतलाच, पण स्पर्धेबाहेर सहज खेळलेला डाव.

मी दर वेळी एकोणिसाव्या खेळीपाशी थांबतो. पांढऱ्याचा एक उंट गेलाय, एक हत्ती नुकताच गेलाय, कोपऱ्यातल्या दुसऱ्या हत्तीवर काळ्या वजिराचा डोळा आहे. आणि आंडेरसन शांतपणे राजाच्या मूळ घरासमोरचं प्यादं एक घर पुढे सारतो. बस्स. तेवढ्याने काळ्या वजिराची तिरकी वाट बंद होते. वजीर हत्ती खातो, शह देतो, पण स्वतःच्या राजाच्या मदतीला परत येऊ शकत नाही. मग पांढरा आपला वजीरही देतो आणि उरलेल्या एका उंटाने व दोन घोड्यांनी मात करतो. आज मेलेली मोहरी मुद्दाम दोन बाजूंना लावली. एकीकडे पांढऱ्याचा वजीर, दोन हत्ती, उंट, दोन प्यादी. दुसरीकडे काळ्याची फक्त तीन प्यादी!

पण मला त्याहून जवळचा वाटतो तो डावाबाहेरचा माणूस. ब्रेसलाऊच्या (आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) शाळेत गणित शिकवायचा. लग्न केलं नाही, आई आणि बहीण यांचा भार त्याच्यावर. लंडनला जायचं तर खर्च परवडेना, तेव्हा बक्षीस नाही मिळालं तर प्रवासखर्च मी देईन असं स्पर्धा भरवणाऱ्या इंग्रज बुद्धिबळपटू स्टॉन्टनने कळवलं. त्याच स्टॉन्टनला हरवून हा पुढे गेला आणि ती पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकला. मग परत शाळा.

१८५८ च्या डिसेंबरात नाताळच्या सुट्टीत पॅरिसला गेला. समोरचा एकवीस वर्षांचा अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फी आजारी होता, तरी अकरा डावांत सात त्याने जिंकले. आंडेरसनला दोनच मिळाले, दोन बरोबरीत सुटले. सराव नव्हता ही सबब त्याच्यापाशी तयार होती, खरीही होती, पण त्याने ती पुढे केली नाही. लंडनसारखं झळाळून का खेळला नाहीत, असं कोणी विचारलं तर म्हणे, मॉर्फी खेळू देत नाही. हे वाचलं की मला त्या माणसाला नमस्कार करावासा वाटतो.

१८६२ ची लंडन स्पर्धा पुन्हा त्याचीच. १८६६ मध्ये पुढे जगज्जेता झालेल्या स्टाइनिट्झने ८-६ असं हरवलं, चौदापैकी एकही डाव बरोबरीत नाही. लोकांनी त्याला तेव्हाच निवृत्त मानलं असतं तरी चूक म्हणता आली नसती. पण १८७० मध्ये बाडेन-बाडेनला, फ्रान्स आणि प्रशिया यांचं युद्ध पेटलेलं असताना, बावन्नाव्या वर्षी हा पहिला आला. स्टाइनिट्झ अर्ध्या गुणाने मागे, आणि त्याच्याशी झालेले दोन्ही डाव आंडेरसनचे.

मला येत्या जूनमध्ये बावन्न पूर्ण होतील.

उद्या सातची शाळा. आठवीच्या वह्या अजून तपासायच्या आहेत. पट मात्र आवरलेला नाही, एकोणिसाव्या खेळीवर परत आणून टेबलावरच ठेवलाय. चौथ्या बाकावरच्या एका मुलाला बुद्धिबळाचं वेड आहे. त्याला मधल्या सुट्टीत कागदावर एवढीच स्थिती काढून देणार आणि विचारणार, आता तू काय खेळशील?