प्रश्नानंतरचे तीन सेकंद

ब्रिस्टलमध्ये शिकवायला लागून मला तीन वर्षं झाली, पण त्याबद्दल लिहावंसं वाटलं ते देवगडला, मामाच्या पडवीत. ऑगस्टची सुट्टी होती. माझी मामेबहीण गेल्या वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागली. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोन, एका खोलीत दोन-दोन इयत्ता. परवानगी काढून मी दोन दिवस तिच्या वर्गात मागे सतरंजीवर बसले.

विषय भरती-ओहोटीचा होता. "भरती रोज एकाच वेळी येते का?" तिने विचारलं आणि पोरांनी तोंड उघडायच्या आत उत्तरही देऊन टाकलं. मधल्या सुट्टीत म्हणाली, "ताई, वर्ग गप्पच रवता. माझा काय चुकता?"

माझं पहिलं वर्ष डोळ्यांपुढे आलं. इंग्लंडमध्ये २०२१ पासून नव्या शिक्षकाला दोन वर्षं सोबत एक अनुभवी मार्गदर्शक मिळतो आणि पहिल्या वर्षी तासिका १० टक्के कमी असतात. मी रोज मन लावून वही लिहायचे: 'आज तास बरा झाला नाही', 'मी कमी पडले'. माझ्या मार्गदर्शक बाईंनी ती वाचून एवढंच विचारलं, "यात मुलं कुठे आहेत?"

मग शाळेच्या परवानगीने एका तासाचा फक्त आवाज रेकॉर्ड केला आणि घरी ऐकत बसले. २३ प्रश्न मी विचारले होते. त्यातल्या १७ प्रश्नांनंतर एक सेकंदही न थांबता मीच पुढे बोलले होते. त्या रात्री मला फार वाईट वाटलं, पण पहिल्यांदाच हातात धरता येईल असं काहीतरी सापडलं होतं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी अनेक वर्गांत हेच मोजलं होतं: शिक्षक प्रश्नानंतर साधारण एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद किंवा अधिक थांबले, तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात.

स्वतःला दोष देणं आणि स्वतःचं काम तपासणं यातला फरक मला त्या वहीने शिकवला. आता मी तीनच गोष्टी लिहिते. मी काय केलं, मुलांनी काय केलं, उद्या कोणती एकच गोष्ट बदलणार.

बहिणीला हे सांगितलं, पण तिला माझ्यासारख्या कमी तासिका नाहीत, हेही डोळ्यांसमोर होतं. वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं, सगळं दोघांतच. नव्या शिक्षकाला विचार करायला वेळ द्यायला हवा, तो त्याच्या झोपेतून काढायला लावू नये, असं मला कळकळीने वाटतं.

दुसऱ्या दिवशी तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि थांबली. पत्र्यावर पाऊस वाजत होता. एक, दोन, तीन. तिसरीतला एक मुलगा, जो आदल्या दिवशी अवाक्षर बोलला नव्हता, हळूच म्हणाला, "बाई, बाबांची होडी रोज वाईच उशिरान सुटता. खाडीत पाणी इल्याशिवाय ती हलना नाय."

भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. पुस्तकातली ही गोष्ट त्याच्या घरात रोज घडत होती.

संध्याकाळी पडवीत बसून बहिणीने वहीत लिहिलं: 'उद्या, होडीवाल्या घरांतल्या मुलांना आठवडाभर भरतीची वेळ घरी विचारून आणायला सांगायची. पाण्याकडे एकटं जायचं नाही, हे आधी बजावायचं.'