काढली, पण बजावली का?

‘न्यायालयाने बिल्डरला नोटीस बजावली’, अशी बातमी येते. आदेश झालेला असतो सकाळी साडेअकराला, बातमी झळकते दुपारी बाराला. कोर्टात केस पिकलेला कुठलाही कारकून हे वाचून हसेल. त्या घटकेला नोटीस टाइपसुद्धा झालेली नसते. शिक्का नाही, सही नाही, प्रोसेस फीचा, म्हणजे बजावणीसाठी भरायच्या शुल्काचा, पत्ता नाही. न्यायालयाने नोटीस काढली, एवढंच खरं. बजावायची ती बेलिफाने, म्हणजे कागद नेऊन देणाऱ्या कोर्टाच्या माणसाने, आणि तीही बिल्डर घरी मिळून आला तर.

‘काढणे’ आणि ‘बजावणे’ यांच्यामधल्या जागेत आपल्याकडच्या दिवाणी दाव्यांची वर्षं मुरतात. काढायला एक ओळीचा आदेश पुरतो. बजावणं मात्र पूर्ण व्हावं लागतं. ज्याला द्यायची त्याच्या हाती कागद पडला, किंवा कायद्याने पडला असं धरता आलं, तरच बजावणी. नुसतं पाठवलं, नेऊन आलो, शेजाऱ्याला सांगून ठेवलं, यातलं काही चालत नाही.

बाकी हे क्रियापद भलतंच कामसू आहे. मतदार हक्क बजावतो, शिपाई कर्तव्य बजावतो, संघ चोख कामगिरी बजावतो, आणि आई पोराला बजावते की दिवेलागणीच्या आत घरी ये. हक्क आणि कर्तव्य, दोघांना एकच क्रियापद चालतं, ही मराठीची गंमत आहे. फारसीत ‘बजा आवर्दन’ म्हणजे शब्दशः जागेवर आणणं, अर्थाने पार पाडणं, तडीस नेणं. उर्दू-हिंदीत त्याचं ‘बजा लाना’ झालं, आपल्या कचेऱ्यांत ‘हुकूम बजावणे’ रुळलं. हिंदीतला ढोल बजावणारा ‘बजाना’ निराळा, तो संस्कृत वाद्याच्या कुळातला. दिसायला जुळा, नात्याने परका. समन्स आणि बेलीफ आले इंग्रजांबरोबर. समन्सच्या मुळाशी जे लॅटिन क्रियापद आहे त्याचा अर्थ हळूच आठवण करून देणं. आपल्याकडचं तांबड्या शिक्क्याचं समन्स ज्याने दारात पाहिलंय, त्याला यातलं ‘हळूच’ पटायचं नाही.

आता प्रत्यक्ष बजावणी. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची, आणि समन्स बजावण्याचे नियम तिच्या पाचव्या आदेशात (संहितेतल्या नियमांच्या प्रकरणाला ‘आदेश’ म्हणतात). दावा दाखल झाला की वादीने प्रोसेस फी भरायची आणि प्रतिवादी जितके तितक्या दाव्याच्या प्रती द्यायच्या, कारण दाव्याची प्रत जोडल्याशिवाय समन्स जात नाही. फी भरायची राहिली म्हणून समन्स निघालंच नाही आणि त्याच कारणाने दावा निकाली निघाला, असंही होतं. समन्स नाझराच्या, म्हणजे बजावणीचं काम पाहणाऱ्या कोर्टाच्या अधिकाऱ्याच्या, हाताखालच्या बेलिफाकडे जातं, बाहेरगावचं असेल तर तिथल्या कोर्टाकडे. घाई असेल तर वकील ‘हमदस्त’ मागतात, म्हणजे समन्स वादीनेच स्वतः नेऊन द्यायचं. समोरच्याने घेतलं नाही किंवा सही दिली नाही तर हमदस्तचा जोर संपतो. पुन्हा अर्ज, पुन्हा कोर्टामार्फत बजावणी.

निम्मी समन्सं पत्त्यापाशीच अडतात. ‘रा. स्टँडजवळ’ असा पत्ता लिहून वादी मोकळे होतात. स्टँडजवळ अर्धं गाव राहतं. वडिलांचं नाव नाही, वय नाही, धंदा नाही, आणि एकाच आडनावाची वाडी. बेलीफ चार दारं हिंडतो आणि शेरा मारतो, ‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून येत नाही.’ झालं, समन्स बिनबजावणी परत. त्यानंतर सात दिवसांत वादीने नवं समन्स मागितलं नाही तर दावा काढून टाकण्याची तरतूद आहे.

प्रतिवादी घरात असला तर काम सोपं. नक्कल त्याला द्यायची, अस्सल प्रतीवर त्याची पोच घ्यायची, वार-वेळ लिहायची. तो घरी नाही आणि लवकर सापडेल असंही दिसत नाही, तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातल्या सज्ञान माणसाला देता येतं. नोकर कुटुंबात धरायचा नाही, असं कायद्याने मुद्दाम लिहून ठेवलंय. त्यामुळे सोसायटीच्या वॉचमनने वहीत सही करून घेतलेलं समन्स ही बजावणी नव्हे, मग तो वॉचमन वीस वर्षांचा जुना का असेना.

या सज्ञान माणसाचीही एक कथा आहे. संहितेच्या मूळ शब्दांत तो ‘पुरुष’च हवा होता. सासूबाई दारात उभ्या, सूनबाई वकिलीण, तरी बेलिफाने पुरुषमाणूस शोधायचा. १९७६ च्या दुरुस्तीने दिवाणी बाजूला ‘स्त्री वा पुरुष’ आलं. फौजदारीत मात्र १९७३ च्या संहितेतला ‘सज्ञान पुरुष’ तसाच बसून राहिला. तो उठला १ जुलै २०२४ ला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली तेव्हा. तोवर देशाला महिला पंतप्रधान मिळून गेल्या, दोन महिला राष्ट्रपती झाल्या. पण नवऱ्याच्या नावाचं फौजदारी समन्स घ्यायला बायको कायद्याच्या लेखी चालत नव्हती.

सगळ्यात नाजूक प्रकार समन्स दाराला डकवण्याचा. समोरच्याने पोच द्यायला नकार दिला, किंवा नेटाने शोधूनही तो सापडला नाही, तरच डकवायचं. ते घराच्या बाहेरच्या दारावर किंवा ठळक दिसेल अशा जागी. मग अहवालात लिहायचं की कोणत्या परिस्थितीत डकवलं, घर कोणी दाखवलं, कोणासमक्ष डकवलं, त्यांची नावं-पत्ते काय. चुका इथेच होतात. पहिल्याच खेपेला कुलूप दिसलं की समन्स चिकटवून बेलीफ मोकळा. शोध घेतल्याचा मागमूस नाही, घर दाखवणाऱ्याचं नाव नाही, साक्षीदार म्हणून नुसतं ‘पंचांसमक्ष’. असा अहवाल त्या दिवशी खपून जातो, दावा एकतर्फी चालतो, हुकूमनामा, म्हणजे दाव्यातला अंतिम हुकूम, होतो. पुढे प्रतिवादी उगवतो आणि नवव्या आदेशाच्या तेराव्या नियमाखाली अर्ज देतो, की मला समन्स रीतसर बजावलंच नाही. कळल्यापासून ३० दिवसांत आला आणि त्याचं म्हणणं पटलं, तर हुकूमनामा रद्द, आणि वादी पुन्हा पहिल्या पायरीवर. अर्थात बजावणीत किरकोळ उणीव होती एवढ्यावर भागत नाही. तारीख ठाऊक होती आणि यायला पुरेसा वेळ होता असं दिसलं तर अर्ज फेटाळला जातो. हल्ली बेलिफाच्या मोबाइलमध्ये ‘एनस्टेप’ ॲप असतं, त्यात जागेचं जीपीएस ठिकाण आणि फोटो चढतो. चावडीवर बसून अहवाल लिहिण्याची सोय त्यामुळे बरीच गेली.

पोस्टाने पाठवलेल्या समन्साचं नशीब लखोट्यावरच्या शेऱ्यावर ठरतं. ‘घेण्यास नकार’ हा वादीच्या दृष्टीने सोन्यासारखा शेरा. पाकीट नाकारलं म्हणजे बजावणी झाली असं कोर्ट धरतं. पाकीट घेतलं नाही की आपण सुटलो, हा समज गावोगाव पक्का आहे आणि तो साफ चुकीचा आहे. नाकारणाऱ्याला एवढंच मिळतं की आत काय लिहिलंय ते कळत नाही. ‘पत्ता सोडून गेले’ हा शेरा आला तर मात्र वादीची पंचाईत. मग पर्यायी बजावणीचा अर्ज, कोर्टाच्या फलकावर आणि तो शेवटी राहत होता त्या घरावर प्रत, किंवा वर्तमानपत्रात जाहीर समन्स. ते पत्र दैनिक हवं आणि प्रतिवादी शेवटी जिथे राहत होता त्या भागात खपणारं हवं. प्रतिवादी चंदगडचा आणि जाहिरात नागपूरच्या आवृत्तीत, असं केलं तर पैसे पाण्यात.

व्हॉट्सॲपचं काय? २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वसुलीच्या एका दरखास्तीत, म्हणजे अंमलबजावणीच्या अर्जात, नोटिशीची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली होती. ती पोहोचली आणि उघडलीही, हे निळ्या खुणांवरून दिसतं, म्हणून ती बजावणी ग्राह्य धरली गेली. यावरून सगळंच व्हॉट्सॲपवर उरकेल असं मात्र नाही. पोलिसांनी चौकशीला हजर राहण्यासाठी द्यायची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. तिथे हजर न राहिल्याचा परिणाम अटकेपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे हा फरक मला रास्त वाटतो.

दावा जिंकल्यावर हे क्रियापद पुन्हा गाठतं, कारण हुकूमनामाही बजावावा लागतो. त्यासाठी वेगळी दरखास्त, वेगळी फी, आणि पुन्हा तोच बेलीफ. या वेळी त्याच्या हातात जप्ती किंवा कब्जाचं वॉरंट असतं. जप्तीसाठी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरता येत नाही. बाहेरचं दार फोडायचं तर घर ऋणकोच्याच, म्हणजे ज्याच्याविरुद्ध हुकूमनामा झाला त्याच्याच, ताब्यात हवं आणि त्याने आत येऊ द्यायचं नाकारलेलं हवं. हुकूमनामा दोन वर्षांहून जुना असेल तर आधी नोटीस, आणि ती नोटीसही अर्थात बजावायची. दरखास्तीला मुदत १२ वर्षांची. कायम मनाईच्या हुकुमाला मात्र ती मुदत लागू नाही. बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याविरुद्ध आजोबांनी मिळवलेली मनाई नातवालाही बजावून घेता येते, हुकूमनाम्याची नक्कल घरात सापडली म्हणजे.